बेल्मिरा बोटीवरचा माणूस

१२ नोव्हेंबर १९३४

आज संध्याकाळी एक माणूस आला. आपण नागोजी आहोत असे म्हणतो.

मी ओसरीवर सहामाहीचे पेपर तपासत होतो. तो अंगणात येऊन उभा राहिला. हातात जाड किंतानाची पिशवी. "रघू हाय का?" म्हणाला. आई गेल्यापासून मला रघू कोणी म्हणत नाही. बेळगावात मी सगळ्यांचा मास्तर.

वहिनी आतून आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्या परत आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नागोजी म्हणजे आप्पा, माझा थोरला भाऊ. १९१९ साली मच्छे या आमच्या गावचे घर सोडून मुंबईला गेला. पुढे निरोप आला की बोटीवर लागला. त्यानंतर काही नाही. बारा वर्षे वाट पाहून गेल्या वैशाखात आम्ही पळसविधी केला. पळसाच्या पानांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. अग्नी मी दिला. वहिनींच्या बांगड्या फोडल्या. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला मेला असे धरून मोकळे करायची ही रीत आहे. मी इंग्रजी शिकवतो, पण रीत मोडावी असे कारण मला दिसले नाही.

तेव्हा आजचा माणूस आप्पा असेल, तर वहिनी सवाष्ण आहेत आणि मी जिवंत भावाला जाळले. नसेल, तर एक भामटा माझ्या ओसरीवर चहा पितो आहे. तिसरे काही संभवत नाही.

घाई करायची नाही. दिसेल ते लिहून ठेवायचे.

१३ नोव्हेंबर

चेहरा: आप्पाचा असू शकेल. पंधरा वर्षांत कुणाचाही चेहरा कुणाचाही होतो.

हात: कोपरापर्यंत पांढरट, चिरा पडलेले. नखे झिजलेली. शेतकऱ्याचे हात असे नसतात. खलाशाचेही नसावेत. खलाशी उन्हाने काळा होतो असे वाचले आहे.

आणखी एक. तो आधी मच्छ्याला गेला नाही, थेट इथे आला. मी बेळगावात राहतो हे त्याला कुणी सांगितले? विचारल्यावर म्हणाला, "ठेसनावर इचारलं, मच्छ्याचा शिकल्याला पोरगा कुठं ऱ्हातो. टांगेवाल्यानं दार दावलं." उत्तर फार सरळ आहे.

त्याच्याशी बोलताना अडचण होते. तू म्हटले तर भाऊ झाला. तुम्ही म्हटले तर पाहुणा. मी दोन्ही टाळतो. "जेवण झालं का?" "झोप लागली का?" असे विचारतो. दिवसभर असे बोलून थकायला होते.

वहिनींना स्वयंपाकघराच्या दारात विचारले, "वहिनी, हा आप्पा आहे का?"

त्या म्हणाल्या, "तुमी काय म्हणता?"

"तुम्ही सांगा. तुमचा नवरा."

"पळसाला आग लावताना मला इचारलं हुतासा व्हय, भावजी? मग आता कशापायी इचारता?"

एवढे बोलून त्यांनी चुलीत फुंकर घातली. धुरामुळे मला बाहेर यावे लागले.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या मनुबाई विरजण मागण्याच्या निमित्ताने आल्या. त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत.

"पळसाचा माणूस परत आला म्हणं, मास्तर?"

गल्लीत त्याचे नाव पळसाप्पा पडले आहे. मुले दारावरून ओरडत जातात. त्याला राग येत नाही. भामट्याला राग परवडत नाही.

आज बोटीचे विचारले. नाव बेल्मिरा. जुनी होती. गोरे लोक हवा खायला, देश बघायला त्यातून हिंडायचे. टपालाची नव्हे, मालाची नव्हे, नुसती सहलीची. गेल्या साली मोडीत निघाली, म्हणून परत आलो, म्हणाला.

"काम काय होतं?"

तो म्हणाला, "टोपास."

"म्हणजे?"

"बोटीवरचं नाव हाय त्ये." आणि हात धुवायला उठला. हात स्वच्छ होते.

कोशात पाहिले. टोपाझ हे पिवळ्या रंगाचे मौल्यवान रत्न आहे. बोटीवरच्या एखाद्या दिवाणखान्याला किंवा मजल्याला रत्नाचे नाव दिले असेल आणि याची तिथे नेमणूक असेल. पण तिथल्या माणसाचे हात असे चिरा पडलेले कसे?

१८ नोव्हेंबर

रविवार. कॅम्पात मिस हॅलम यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्या बाई पियानो शिकवतात. शाळेच्या संमेलनात ओळख झाली होती. त्या विलायतेला जाऊन आलेल्या, म्हणून सहज विचारले. काय आश्चर्य, त्यांनी बेल्मिरातून प्रवास केलेला आहे. उतारूंना वाटलेले सचित्र पुस्तक त्यांनी जपून ठेवले होते. ते मला वाचायला दिले.

घरी येऊन रात्रीपर्यंत तेच वाचले. बोट क्लाइड नदीवर १८९३ साली बांधली. सुरुवातीला मुंबई आणि कोलंबोची डाक न्यायची. यंत्रावर भरवसा नव्हता म्हणून शिडेही ठेवली होती. बोअर युद्धात तिच्या पोटात खेचरे भरली. महायुद्धात ती दवाखाना झाली, पांढरा रंग, मध्ये हिरवा पट्टा. युद्धानंतर नव्या बोटी वेगवान निघाल्या. हिला कोणी विचारीना. तेव्हा कंपनीने तिला सहलीची बोट केली. खेचरे बांधायची तिथे संगमरवरी पोहण्याचा हौद केला. जेवणघरावर रंगीत काचेचा घुमट. वरच्या मजल्यावर हिवाळी बाग, तिच्यात ताडाची झाडे आणि पिंजऱ्यातले पक्षी. दोन मजले उतरणारा सागवानी जिना, त्याच्या पायथ्याशी दिवा धरलेली पितळी बाई. संध्याकाळी बॅण्ड. उन्हाळ्यात नॉर्वे, हिवाळ्यात सिलोन.

धुरांडी तीन. त्यांतले तिसरे खोटे आहे. त्यातून धूर येत नाही. तीन धुरांडी असली की उतारूंना बोट भक्कम वाटते, म्हणून बसवले. हे पुस्तकात अभिमानाने लिहिले आहे.

टोपाझ नावाचा मजला, दिवाणखाना, खोली कुठेही नाही. नकाशा दोनदा पाहिला.

सकाळी त्यांच्याकडून निघताना मिस हॅलम म्हणाल्या, त्या बोटीवर मला सर्वांत काय आवडले असेल तर तिची स्वच्छता. इतकी माणसे, पण कुठे वास म्हणून नाही. सारे कोण करीत होते, ते शेवटपर्यंत दिसले नाही.

मला घुमटाबद्दल आणखी विचारायचे होते. राहून गेले.

१९ नोव्हेंबर

पुस्तक उघडून बोटीचे चित्र त्याच्यापुढे धरले. त्याने ते उजेडाकडे नेले. बराच वेळ पाहिले.

"हीच व्हय ती?" त्यानेच मला विचारले.

"ओळखता येत नाही?"

"लई मोठी हाय की."

"धुरांडी किती होती?"

"बाहेरनं कवा बघितली, रघू? चढलो तवा धुकं. उतरलो तवा पाऊस."

"मोठा जिना?"

"न्हाय बघितला."

"काचेचा घुमट?"

"न्हाय."

"पोहायचा हौद?"

"ऐकलंतं."

"बॅण्ड?"

"त्यो यायचा ऐकू. सांजचं, वरनं. एक गाणं लई चांगलं हुतं." त्याने ते गुणगुणून दाखवायला सुरुवात केली. मी थांबवले.

"आणि टोपास हा मजला कुठे?"

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "टोपासाला मजला नसतो रं. समद्या मजल्यांवर जातो आन् कुठंच नसतो."

कोडी घालून बोलणे ही हुशारी आहे. बोटीवर बारा-तेरा वर्षे काढली म्हणतो आणि तिच्यातली एक वस्तू सांगता येत नाही. चांगल्या शाळेतला मुलगा इतका नापास होत नाही.

२१ नोव्हेंबर

आज विरुद्ध बाजूचा पुरावा मिळाला. तो प्रामाणिकपणे नोंदवतो.

मच्छ्याच्या विहिरीत आप्पाचा भोवरा पडला होता, ते त्याला माहीत आहे. आई कोंबड्यांना 'याऽ गं बायानू' अशी हाक मारायची. त्याने तीच हाक काढली. वहिनी मागच्या दारी धान्य पाखडत होत्या. त्यांचे सूप थांबले.

दुपारी मनात आले, हे सगळे त्याला आप्पानेच सांगितले असेल. बोटीवर वेळ जात नसतो. एक गावाकडचे सांगतो, दुसरा ऐकतो. म्हणजे आप्पा बोटीवर होता आणि हा त्याच्याबरोबर होता. मग आप्पाचे याने काय केले?

संध्याकाळी सहज म्हणून विचारले, "बोटीवर मच्छ्याचा आणखी कोणी होता?"

"मी एकला पुरं न्हाय व्हय?"

डोळे वर केले नाहीत.

२३ नोव्हेंबर

मच्छ्याहून तात्या आले. तात्या म्हणजे मारुतीराव, वडिलांचे धाकटे भाऊ. गावची जमीन तेच बघतात. त्याला अंगणात इकडून तिकडे चालवले. बैल पारखतात तसे.

"ह्यो नाग्याच हाय," तात्या म्हणाले. "चालणं बघ की. डावीकडं वढतंय. लहानपणी घराच्या धाब्यावरनं पडलंतं."

"तशी पुष्कळ माणसे चालतात, तात्या."

"चालंनात. ह्यो नाग्या हाय. पर लेका, मेलेल्याला घरात घ्यायचं कसं? भटजीला इचारलंय मी."

भटजींचे म्हणणे असे: ज्याचे मरणविधी झाले तो परत आला, तर त्याला नव्याने जन्म द्यावा लागतो. तुपाच्या कुंडात बसवायचे, न्हाऊ घालायचे, बारसे करायचे. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"चाळिशीच्या बाप्याचं बारसं!" तात्या म्हणाले. "पाळणा सुताराकडनं करून घ्यावा लागंल. गाडीएवढा."

तो म्हणाला, "घुगऱ्या मातर मला पोटभर द्या, तात्या. आन् आंगडं-टोपडं?"

"ते तुझी बायकू शिवंल."

दाराआडून वहिनींचा आवाज आला. "लगीन मातर मी इचार करून करीन म्हणावं. औंदा घाई न्हाय."

तिघे हसले. मी हसलो नाही. एका माणसाच्या चालण्यावरून जन्म-मृत्यू ठरवायचे, तर चौकशी कशाला म्हणायचे? तात्यांना मोतीबिंदू आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी त्याच्याबरोबर एकाच ताटलीतले पोहे खाल्ले.

२६ नोव्हेंबर

दोन किरकोळ नोंदी.

परसातल्या संडासाचा वास येईनासा झाला आहे. राखेचा आणि फिनाइलचा येतो. पायऱ्या घासलेल्या असतात. म्युनिसिपालिटीचा माणूस हल्ली मन लावून काम करतो आहे. कौतुक करावे म्हणून आज त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठले. तो म्हणाला, "मास्तर, आठवडा झाला, मी तुमच्याकडं आलोच न्हाय. आमचं घरात दुखणं हाय." थट्टा करत असावा.

कासार आला होता. वहिनींनी हात पुढे केला आणि हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. मला विचारले नाही. पत्नी गेल्यापासून माझे घर वहिनी सांभाळतात. या घरात काय चालते हे मला कळले पाहिजे. चहाही आज उशिरा झाला.

२९ नोव्हेंबर

शाळेतून लवकर आलो. वहाणा बाहेर काढल्या, आवाज केला नाही. आत ती दोघे बोलत होती. ती चुलीपाशी, तो उंबऱ्याबाहेर. स्वयंपाकघरात तो कधीच येत नाही. का येत नाही, हाही प्रश्न आहे.

वहिनी म्हणत होत्या, "दिस मावळतच न्हाय? मग माणसं निजायची कवा?"

"निजतंय कोण! समदी वर जाऊन टाळ्या पिटायची, सूर्याला."

"आन् तुमी?"

"मी आत. मोरीच्या वर खिडकी हुती, ताटाएवढी. माझ्या वाटणीला तेवढाच सूर्य."

"पुरं की. आमाला हितं आख्खा असून काय केलाव त्याचं?"

नॉर्वेच्या न मावळणाऱ्या सूर्याचे चित्र मिस हॅलमच्या पुस्तकात आहे. पुस्तक माझ्या टेबलावर उघडे असते. त्याने ते पाहिले आहे हे उघड आहे. आजपासून पुस्तक कपाटात.

वहिनी त्याला 'तुमी' म्हणतात. परक्या पाहुण्याला म्हणतात तसे. हे माझ्या बाजूने धरायला हरकत नाही.

२ डिसेंबर

आज लोंढ्याला जाऊन आलो. मुरगावच्या बंदरावरून येणारे गोव्याचे लोक तिथे गाडी बदलतात. त्यांच्यात बोटीवर राहिलेले बरेच असतात. स्टेशनावरच्या खाणावळीचा म्हातारा आचारी, मिंगेल नाव, बोटींवर आयुष्य काढून आलेला आहे. कांदा चिरता चिरता बोलत होता.

"टोपास?" तो म्हणाला. "टोपास तुमचो कोण लागता, मास्तर?"

"कोणी नाही. शब्दाचा अर्थ हवा आहे."

"अर्थ कसलो? संडास धुता तो टोपास. न्हाणीघरां, मोऱ्यो, आजाऱ्यांची भांडीं. बोटीर कोळसेवालो असता, भंडारी असता, सगळ्यांच्या खाली टोपास. ताच्या हातचें पाणी कोण घेना."

"रत्नाशी संबंध नाही?"

त्याने सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले. कांद्याने की हसण्याने, कळले नाही.

"आणि जातीचा, शेतीवाडीचा माणूस हे काम करतो का?"

"भूक लागल्यार करता. पण मागीर घरी पत्र घालीना. काय लिवतलो? 'हांव खुशाल आसां, दीस-रात संडास धुतां'? आमच्या बोटीर एक होतो. लिवपाक येतालें ताका, पण दर बंदरात पत्र लिवी आणि फाडी. शाणो होतो."

मला हवे ते मिळाले होते. तो आणखी सांगत होता, पण गाडीची वेळ झाली.

येताना डब्यात मन हलके झाले. आप्पा अत्यंत स्वाभिमानी. गावच्या जत्रेत पाणक्याच्या तांब्यावर माशी दिसली म्हणून पाणी ओतून टाकणारा. तो मरेल, पण हे काम करणार नाही. आणि हा माणूस ते काम करत होता, हे त्यानेच कबूल केले आहे. म्हणजे हा आप्पा नव्हे. यात कुठेही फट नाही.

४ डिसेंबर

तात्यांना बोलावून घेतले. अंगणात बसलो. वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्यांनाही ऐकू यावे अशीच माझी इच्छा होती.

मी म्हणालो, "टोपास म्हणजे बोटीवरचे संडास धुणारा. खरं की खोटं?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वहिनींकडे पाहिले. "खरं."

तात्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"मच्छ्याच्या घरातला माणूस हे काम करील?"

"केलं," तो म्हणाला. "पयल्यांदा कोळसा वढायला लागलो. छातीत धूर बसला. खलाशांचा मुकादम म्हणाला, बंदरात उतर, न्हायतर टोपास मेलाय, त्याची बालदी घे. उतरून कुठं जाणार? म्हटलं, एक फेरी करावी. मग दुसरी झाली. मग वाटलं, आता ह्ये हात घिऊन घरी कसं जायचं? बोट मोडली म्हणून आलो. मोडली नसती तर आलो नसतो."

तात्या उठले. धोतर झटकले. "मग ह्यो नाग्या न्हवं. आमच्या नाग्यानं कुणाच्या तांब्यातलं पाणी घेतलं नसतं. रघूचं बराबर हाय. शिकल्याला माणूस तो शिकल्याला."

"तात्या," वहिनी म्हणाल्या, "परवा चालण्यावरनं वळखलं हुतासा. आज चालणं सरळ झालं व्हय?"

"तू गप, राजाबाई. तुला कळत न्हाय."

"मला कळलं त्याच सांजेला. दारात उभं ऱ्हायलं तवाच."

मी विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू, भावजी? तुमी म्हटला असतासा, बाईमाणूस हाय, भुललं. तुमाला माणूस कुठं पायजे हुता? तुमाला साक्ष पायजे हुती. मिळाली न्हवं आता?"

"तो इतके दिवस आपल्या परसात..." माझ्या एकदम लक्षात आले आणि वाक्य पुरे झाले नाही.

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "उजाडायच्या आधी. मी पाणी वतत हुतो. तुमच्या घरात फुकट भाकरी खायाला त्येंना लाज वाटत हुती."

तात्या न जेवता गेले. वाटेत भटजींकडे थांबणार होते. पोह्यांच्या ताटलीवर प्रायश्चित्त आहे का, ते विचारायला.

६ डिसेंबर

वहिनी गेल्या. त्याच्याबरोबर. सकाळच्या गाडीने लोंढ्याला.

तिथे रेल्वेत काम मिळाले आहे, म्हणाला. कसले, ते मी विचारले नाही.

मी अडवले नाही. कोणत्या आधाराने अडवणार? पळसविधी झालेला आहे. वहिनी विधवा आहेत, मोकळ्या आहेत. त्या कुणाबरोबरही जाऊ शकतात. हे मीच सिद्ध केले आहे.

त्यांनी काही नेले नाही. एक गाठोडे. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "भावजी, दूध तापवून ठिवलंय. मांजराकडं ध्यान द्या."

तो अंगणात होता. "येतो, रघू," म्हणाला.

उत्तर द्यायचे होते. 'ये' म्हणावे की 'या', ते ठरेना. दोघे कोपऱ्यावरून वळेपर्यंत ठरले नाही.

दूध मांजराने सांडले.

९ डिसेंबर

तात्या आले. या वेळी ओसरीच्या आत बसले नाहीत, पायरीवर बसले. चहा नको म्हणाले.

"रघू, गावात नाक ऱ्हायलं न्हाय. मास्तराची वहिनी भामट्याबर पळाली म्हणत्यात. बाजारात मला बघून माणसं बोलायची थांबत्यात."

"मी काय करावे?"

"सोपं हाय. त्यो नाग्याच हुता म्हणून सांगूया."

"तात्या, पाच दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात, हा नाग्या नव्हे."

"तवाचं तवा. नवरा आला, बायकूला घिऊन गेला. झालं, तोंडं बंद."

"आणि टोपास?"

"त्ये कोण बघतंय? बोटीवर साहेबाच्या हाताखाली हुता म्हणायचं. खोटं हाय व्हय?"

"आणि पळस?"

"पळसाचं भटजी बघंल. त्येचं त्येला."

मी सांगितले, पुरावा सोयीप्रमाणे बदलत नसतो. माणूस एक तर आप्पा होता, नाही तर नव्हता. गावाला काय आवडेल त्यावर ते अवलंबून नाही.

तात्यांनी पायरीवरची माती बोटाने सारखी केली. मग म्हणाले, "तू लहान असताना ताप आला तवा त्यानं तुला पाठीवर घिऊन मच्छ्यापास्नं बेळगावच्या दवाखान्यात आणलंतं. याद हाय का?"

"आहे."

"त्यानं सांगितलं का त्ये? आल्यावर?"

"नाही."

"भामट्यानं आधी त्येच सांगितलं असतं," तात्या म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

तात्यांचा हा मुद्दा तर्काला धरून नाही. भामट्याला ते माहीत नसेल, म्हणून त्याने सांगितले नसेल.

१० डिसेंबर

मिस हॅलमचे पुस्तक परत केले. त्यांनी विचारले, तुमच्या माहितीचे कोणी त्या बोटीवर होते का?

मी म्हणालो, माझा भाऊ होता, तो वारला.

त्यांनी वाईट वाटल्याचे सांगितले आणि बिस्किटे दिली.

वाटेत जाणवले की मी बोटीवर भाऊ होता असे म्हणालो. ते बरोबरच आहे. बोटीवर होताच. प्रश्न घरी आलेल्या माणसाचा आहे.

११ डिसेंबर

सकाळी चहा करायला गेलो. चूल पेटेना. परसात वास यायला लागला आहे.

मनुबाई भिंतीवरून डोकावल्या. विरजण मागायला नव्हे. घागर काखेत होती, नळाला निघाल्या होत्या.

"मास्तर, राजाक्का दिसंना झाल्या की. कुठं गेल्यात?"

मी फुंकणी हातात घेऊन उभा होतो. डोळ्यांत धूर होता.

"आप्पाबरोबर गेल्या," मी म्हणालो.

"बरं झालं," मनुबाई म्हणाल्या आणि पाणी भरायला गेल्या. त्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही.

हे वाक्य माझ्या तोंडून कसे आले, याची चौकशी केली पाहिजे.